दोन बत्त्या, पन्नास सेंटिमीटर: हेस पडद्याच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४, इंदूर

मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी डोळा हलवणाऱ्या तीन: तिसरी, चौथी आणि सहावी. यातली एखादी लुळी पडलेल्या रुग्णाचे दर चार आठवड्यांनी मोजमाप व्हावे, यासाठी तपासणी कक्षात हेस पडदा (डोळ्याचा तिरळेपणा अंशांत मोजणारा फळा) बांधायचा आहे. सोबत दोन पत्रके हवीत: पहिल्या भेटीत काय विचारायचे आणि काय बघायचे याचे एक, रुग्णाने घरी काय करायचे याचे दुसरे.

सध्या केसपेपरवर 'डबल दिसणे कमी' एवढेच सापडते. यावरून काहीच कळत नाही. नस खरोखर सुधारली तर डबल दिसणे कमी होते. रुग्ण मान वळवून बघायला शिकला तरी कमी होते. लहान मुलात मेंदू एका डोळ्याचे चित्र दाबून टाकतो, तेव्हाही कमी होते. आणि डोळा आणखी वाकडा होऊन दुसरे चित्र फार लांब गेले, की रुग्ण त्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि 'आता त्रास नाही' म्हणतो. म्हणजे वाक्य तेच, पण एकदा बरे होणे आणि एकदा बिघडणे. त्यामुळे अंशांत मोजलेला तक्ता आणि त्यावर तारीख, दोन्ही लागतात.

तत्त्व जुनेच आहे. वॉल्टर रुडॉल्फ हेस या स्विस डॉक्टरने १९०८ मध्ये हा पडदा मांडला. तेव्हा तो नेत्रवैद्य होता. १९४९ चे नोबेल मिळाले ते पुढे मेंदूवर केलेल्या कामासाठी. रुग्णाला लाल-हिरवा चष्मा घालायचा. लाल काचेमागचा डोळा पडद्यावरचा लाल दिवा बघतो, हिरव्या काचेमागचा डोळा रुग्णाच्या हातातल्या टॉर्चची हिरवी रेघ बघतो. रेघ दिव्यावर बसली असे रुग्णाला वाटते तेव्हा ती प्रत्यक्षात जिथे असते, तिथे त्याचा दुसरा डोळा रोखलेला असतो.

१४ जून

आधी गणित. रुग्णाचा डोळा ते पडदा अंतर ५० सेंमी. दिवे २५: मध्यावर एक, १५ अंशांच्या आतल्या चौकटीत ८, ३० अंशांच्या बाहेरच्या चौकटीत १६.

पहिला आराखडा सरळ रेघांचा काढला होता. १५ अंशांना १३.४ सेंमी, ३० अंशांना २८.९ सेंमी, आणि कोपरेही तसेच २८.९ गुणिले २८.९ वर. ते चूक. पडदा सपाट असल्याने कोपरा डोळ्यापासून जास्त लांब असतो. तिथे हा ठिपका ३० ऐवजी २६.६ अंशांवर पडतो. छापील हेस तक्त्यावरच्या रेघा कोपऱ्याकडे ओढल्यासारख्या वाकतात त्या याचमुळे. नवा हिशेब: ५० ला त्या कोनाच्या साइनने गुणायचे आणि '१ वजा दोन्ही कोनांच्या साइनचे वर्ग' याच्या वर्गमुळाने भागायचे. मध्यापासूनची अंतरे सेंटिमीटरमध्ये अशी येतात:

आतल्या चौकटीच्या बाजूंचे मध्य १३.४, तिचे कोपरे १३.९ आणि १३.९
बाहेरच्या चौकटीच्या बाजूंचे मध्य २८.९, त्यांच्या शेजारचे ३०.२ आणि १५.७, कोपरे ३५.४ आणि ३५.४

ही चूक निरोगी माणसावर चाचणी घेऊन कधीच सापडली नसती. त्याची रेघ दिव्यावर बसतेच, मग दिवा कुठेही असो. सापडली ती कोपऱ्यापासून डोळ्याच्या जागेपर्यंत दोरी ताणून कोन मोजला म्हणून.

१९ जून

९ मिमी प्लाय, ११० गुणिले ११० सेंमी. कोपऱ्याचा दिवा ३५ सेंमीवर असला तरी ज्याचा डोळा अतिरेकी धावतो त्याची रेघ ४५ अंशांपर्यंत, म्हणजे ५० सेंमीवर जाते. पडदा त्याहून लहान असेल तर रेघ भिंतीवर पडते आणि नोंद हुकते.

अगोदर पांढऱ्या सनबोर्डवर करून पाहिले होते. पांढऱ्या पाट्याच्या कडा दोन्ही डोळ्यांना दिसतात, मेंदू त्या कडा धरून दोन्ही डोळे जुळवतो, आणि लहान तिरळेपणा तक्त्यातून गायब होतो. सियागंज बाजारातून ब्लॅकबोर्ड पेंट आणून प्लायला दोन हात दिले. पाच-पाच अंशांची जाळी गडद राखाडी पेन्सिलीने, तपासणाऱ्याला जवळून दिसेल आणि रुग्णाला मंद उजेडात दिसणार नाही इतकीच.

२७ जून

दिवे लावले. २५ दिव्यांना २५ बटणे नकोत: जागा पाच उभ्या ओळी आणि पाच आडव्या ओळी अशाच आहेत. म्हणून सहा घरांचे दोन रोटरी स्विच, एक उभ्या ओळीसाठी, एक आडव्या. सहावे घर 'बंद'. एलईडी एकाच दिशेने वीज जाऊ देतो, त्यामुळे निवडलेल्या दोन ओळी जिथे छेदतात तेवढाच पेटतो. एका वेळी एकच दिवा पेटणार, तेव्हा रेझिस्टरही सगळ्यांत मिळून एकच पुरतो.

५ व्होल्टवर ३३० ओहम लावले तर सुमारे ९ मिलिअँपिअर जातात. लाल दिवा इतका झगझगीत झाला की हिरव्या काचेतूनही दिसू लागला. २.२ किलोओहम लावल्यावर दीड मिलिअँपिअरच्या आत आला. आता मंद आहे, पण अंधाऱ्या खोलीत पुरतो. वरून दुसऱ्या ओळीतला एक दिवा उलटा बसला होता, पेटेना. पाय बदलून लावला.

४ जुलै

टॉर्च. बाजारचा हिरवा लेझर वापरायचा नाही. काळ्या पडद्यावरून परतलेला प्रकाश ठीक, पण रुग्णाच्या हातात लेझर म्हणजे कधी तरी तो कुणाच्या तरी डोळ्यात जाणार.

पीव्हीसीचा पाइप, ट्रायल सेटमधले (चष्म्याचा नंबर तपासायच्या भिंगांच्या पेटीतले) ३८ मिमी व्यासाचे भिंग आत बसेल एवढ्या मापाचा. भिंग अधिक १० चे, म्हणजे केंद्रांतर १० सेंमी. टॉर्च पडद्यापासून साधारण ४० सेंमीवर धरली जाते, तेव्हा फट भिंगामागे १३.३ सेंमीवर हवी. काळ्या कार्डशीटमध्ये ब्लेडने १ मिमी रुंद, १० मिमी लांब फट कापली. पडद्यावर ती तिप्पट होते, ३ गुणिले ३० मिमी. फटीमागे हिरवा एलईडी, तीन सेल आणि १५० ओहम. फटीच्या आतल्या बाजूला बटर पेपरचा तुकडा चिकटवला नाही तर रेघेऐवजी एलईडीच्या आतल्या तारेचे चित्र पडते. तो चिकटवल्यावर रेघ एकसारखी झाली.

रेघच हवी, ठिपका नको. चौथ्या नसेच्या रुग्णात डोळा नुसता वर-खाली सरकत नाही, स्वतःभोवती पिळतोही. रुग्ण रेघ तिरपी धरतो आणि पीळ उघड दिसतो.

११ जुलै

चष्म्यांची तपासणी. लाल काच उजव्या डोळ्यावर, उजवा डोळा मिटायला सांगायचा: लाल दिवा पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. मग डावा मिटायचा: हिरवी रेघ नाहीशी. कागदी फ्रेमचे तीन चष्मे या चाचणीत बाद झाले, हिरव्या पन्नीतून लाल झिरपत होते. झिरपणाऱ्या चष्म्याने तक्ता नेहमी खऱ्यापेक्षा चांगला येतो, म्हणून ही चाचणी दर सत्राच्या सुरुवातीला.

हनुवटीचा टेकू स्लिट लॅम्पच्या (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या) जुन्या स्टँडवरून घेतला. कपाळाची पट्टी घट्ट. रुग्ण पाच सेंमी पुढे झुकला तर १० अंशांचा तिरळेपणा ९ अंश वाचला जातो. टेबलाचे पाय फरशीवर पिवळ्या टेपने पक्के केले. झाडू मारताना टेबल सरकवू नये असे मावशींना सांगून ठेवले, तरी रोज सकाळी मोजपट्टीने अंतर मोजायचेच.

१८ जुलै

प्रिझमने (प्रकाश जाड बाजूकडे, म्हणजे तळाकडे, वळवणाऱ्या काचेने) पडताळणी. १ प्रिझम डायॉप्टर म्हणजे १ मीटरवर १ सेंमी. ५० सेंमीवर अर्धा. निरोगी डोळ्यांच्या सहकाऱ्याच्या डाव्या डोळ्यापुढे २० चा प्रिझम, तळ नाकाकडे करून धरला. रेघ १० सेंमी नाकाकडे बसायला हवी, ९.८ आली. चालेल.

पडदा अंशांत मोजतो आणि प्रिझम डायॉप्टरमध्ये, म्हणून तक्ता भिंतीवर लावला: ५ अंश = ८.७, १० अंश = १७.६, १५ अंश = २६.८, २० अंश = ३६.४. 'दुप्पट करा' हा तोंडी हिशेब सोयीचा, पण तो फुगवून सांगतो.

एक मर्यादा मात्र पत्रकावर ठळक लिहायची. सहाव्या नसेचा तिरळेपणा लांबच्या नजरेत जास्त आणि जवळच्या नजरेत कमी असतो. हेस पडदा जवळचा. हलक्या सहाव्यात तो जवळपास सपाट येऊ शकतो आणि त्याच रुग्णाला सहा मीटरवरचा दिवा डबल दिसत असतो. म्हणून दर भेटीत ६ मीटर आणि ३३ सेंमीवर प्रिझम-कव्हर चाचणी (डोळे आळीपाळीने झाकत प्रिझमने तिरळेपणा मोजणे) आणि सोबत हेस. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

२५ जुलै

पहिल्या भेटीचे पत्रक. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. पडद्यापुढे बसवण्याआधी रुग्ण इथे बसवण्याजोगा आहे का, हे ठरले पाहिजे.

पहिला प्रश्न: एक डोळा झाकला की डबल दिसणे थांबते का? थांबत नसेल तर नस निर्दोष. मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर किंवा बुबुळाचा आकार बघा. थांबत असेल तर पुढे.

चित्रे आडवी शेजारी, लांब बघताना आणि दुखऱ्या बाजूला बघताना जास्त फाकतात: सहावी नस, लॅटरल रेक्टस (डोळा बाहेर वळवणारा स्नायू). चेहरा त्या बाजूला वळवलेला. चित्रे एकावर एक, जिना उतरताना आणि वाचताना त्रास, मान विरुद्ध खांद्याकडे कललेली: चौथी, सुपीरियर ऑब्लिक (डोळा खाली नेणारा आणि पिळणारा स्नायू). पापणी पडलेली, डोळा बाहेर आणि खाली गेलेला: तिसरी.

तिसरीत सगळ्यात आधी बाहुली बघायची. बाहुली आकुंचित करणारे धागे या नसेच्या वरच्या कडेने, बाहेरून जातात. बाहेरून दाब आला (मेंदूच्या तळाच्या पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग धमनीचा फुगा हे धास्तीचे कारण) तर ते आधी चिरडतात आणि बाहुली मोठी होते. मधुमेहात नसेच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, बाहेरचे धागे सहसा वाचतात. म्हणून मोठी बाहुली आणि तिसरी नस: त्याच तासाला सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) असलेल्या ठिकाणी, हेस नाही, चहासुद्धा नाही. बाहुली ठीक पण नस अर्धवटच लुळी असेल तर निर्धास्त राहता येत नाही. बाहुली दोन-चार दिवसांनी मोठी होऊ शकते.

सहावीचा घोळ वेगळा. मेंदूच्या तळाशी ती लांबचा उभा रस्ता काढते आणि कवटीच्या हाडाजवळ एका अरुंद बोळातून वळते. डोक्यात दाब कुठल्याही कारणाने वाढला की ती ताणली जाते. गाठ भलतीकडे, लुळी पडते सहावी. त्यामुळे डोकेदुखी, उलट्या, क्षणभर अंधारी येणे असेल तर डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याची तपासणी करून डिस्क (दृष्टीच्या नसेचे डोळ्यातले टोक) सुजली आहे का ते बघायचेच. आपल्याकडे यात क्षयाचा मेनिंजायटिस, न्यूरोसिस्टिसर्कोसिस (मेंदूत पट्टकृमीच्या अळ्या) आणि मेंदूतल्या शिरांमधली गुठळी (बाळंतपणानंतर विशेष) लक्षात ठेवायची. लहान मुलाला कान वाहतो, डोळ्यामागे दुखते आणि सहावी गेली, तर कानाच्या आतल्या हाडाच्या टोकाशी संसर्ग शोधायचा.

पन्नाशीच्या पुढे, मधुमेह किंवा रक्तदाब, एकच नस, बाकी काही नाही: बहुधा सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आजार. भुवईपाशी थोडे दुखणे चालते. पहिल्या आठवड्यात लुळेपणा वाढला तरी चालते. पण कंगवा फिरवताना टाळू दुखत असेल, चावताना जबडा थकत असेल तर ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) त्याच दिवशी. जायंट सेल आर्टेरायटिस (डोक्याच्या धमन्यांची सूज) सुटला तर दृष्टी जाते. मधुमेह बेफाम, गाल बधिर, नाकातून काळपट स्राव, पापणी सुजलेली: म्युकर (काळी बुरशी), त्याच दिवशी भरती. २०२१ मध्ये ज्यांनी तो पाहिला त्यांना हे वेगळे सांगायला नको, पण नवे लोक येत असतात.

नसेची नक्कल करणारे आजार: मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार: संध्याकाळी जास्त, पापणी थकते, मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ, २ मिमी वर आली तर संशय पक्का, बाहुली कायम निर्दोष), थायरॉइडचा डोळा (डोळ्याचे स्नायू सुजतात), आणि मार लागल्यावर हाडात अडकलेला स्नायू. पावसाळ्यापुरती एक ओळ लाल शाईत: जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे दोन्ही पापण्या पडून, डबल दिसत, गिळायला जड होत उठला तर मण्यार चावली असे धरून चालायचे. चाव्याची खूण आणि वेदना नसतातही. त्याला नेत्र विभागात थांबवायचे नाही, श्वास बंद पडायच्या आत कॅज्युअल्टी.

८ ऑगस्ट

रुग्ण घ्यायला सुरुवात. आज चार तक्ते.

सूचनेचे शब्द बदलावे लागले. 'रेघ आणि ठिपका जुळवा' म्हटले की रुग्ण डोके हलवून जुळवतो. 'ठिपका कुठे दिसतो ते दाखवा' म्हटले की बोट पुढे येते. आता मराठीत 'हिरवी रेघ लाल ठिपक्यावर ठेवा, डोके टेकलेलेच राहू द्या' आणि हिंदीत 'हरी लकीर लाल बिंदी के ऊपर रखिए, सिर मत हिलाइए'. देवास-खरगोनकडच्या रुग्णांना हिंदी पुरते. हात कापत असेल तर रेघ दोन सेकंद स्थिर झाल्यावर नोंद.

क्रम: आधी मधला, मग आतले आठ, मग बाहेरचे सोळा. नंतर चष्मा उलटा घालून दुसऱ्या डोळ्याचा तक्ता. चष्मा उलटवताना कागदही उलटतो! चारांपैकी एका कागदावर डावा-उजवा अदलाबदल झाली. आता लाल काच उजवीकडे असतानाचा तक्ता (म्हणजे डाव्या डोळ्याचा) कागदाच्या डाव्या अर्ध्यात, हे छापूनच घेतले.

वाचन: लहान तक्ता लुळ्या डोळ्याचा, मोठा तक्ता चांगल्या डोळ्याचा. दोन्ही डोळ्यांच्या जोडीच्या स्नायूंना मेंदूकडून सारखाच हुकूम जातो. लुळ्या डोळ्याला ठिपका धरायला जास्त जोर द्यावा लागतो, तोच जोर दुसऱ्या डोळ्याला मिळतो आणि तो पुढे धावतो. उजवी सहावी असेल तर उजवा तक्ता कानाच्या बाजूला दबलेला, डावा तक्ता नाकाच्या बाजूला ताणलेला. तक्ता समोरासमोरच्या दोन्ही बाजूंनी दबला असेल तर नस सोडून स्नायू कुठे अडकला आहे का ते बघा.

२२ ऑगस्ट

दोन आठवड्यांत एका सहाव्या नसेचा तक्ता अर्ध्याने सुधारलेला आला. प्रिझम-कव्हर चाचणीत ६ मीटरवर आकडा तसाच. दोन्ही खरे असू शकत नाहीत. पुन्हा बसवून मागून पाहिले: हनुवटी टेकूत, कपाळ पट्टीला, पण चेहरा पंधरा-एक अंश उजवीकडे. सहाव्याचा रुग्ण दिवसभर असाच बघतो, त्याला तेच 'सरळ' वाटते. चेहरा १५ अंश वळला की उजवीकडचा ३० अंशांचा दिवा डोळ्याच्या दृष्टीने १५ अंशांवरच असतो, लुळ्या स्नायूला काही करावेच लागत नाही.

टेकूला दोन्ही कानशिलांशी फोमच्या पट्ट्या लावल्या. तपासणाऱ्याने मागे उभे राहून दोन्ही कान सारखे दिसतात का ते बघून मगच दिवा लावायचा. आधीचे सगळे तक्ते 'डोके तपासले नाही' असा शिक्का मारून बाजूला ठेवले. त्या रुग्णांचे तक्ते याच आठवड्यात नव्याने घेऊन तीच सुरुवात धरली.

५ सप्टेंबर

फ्रेनेल प्रिझम (दोन चित्रे एक करण्यासाठी चष्म्यावर लावायचा पातळ प्रिझम) चिकटवण्याची रीत, कारण प्रत्येक जण वेगळ्या पद्धतीने करतो आणि निम्मे आठवड्यात सुटतात.

ही मऊ प्लॅस्टिकची सुमारे १ मिमी जाडीची चकती. एका बाजूला खाचा, दुसरी बाजू गुळगुळीत. चष्म्याची काच फ्रेमबाहेर काढायची नाही. चकतीवर तळाची खूण असते. सहाव्यासाठी तळ कानाकडे, खाचा उभ्या. काचेचा आकार चकतीवर मार्करने गिरवून चांगल्या कात्रीने किंचित आत कापायचे. कड फ्रेमला टेकली की उचलली जाते. चष्मा भांड्याच्या साबणाने धुवायचा. मग स्टीलच्या परातीत कोमट पाणी घेऊन चष्मा आणि चकती दोन्ही पाण्याखाली, गुळगुळीत बाजू काचेच्या आतल्या अंगाला. पाण्यातच दाबून बुडबुडे कडेकडे सारायचे, बाहेर काढून टिपायचे, आणि पूर्ण वाळेपर्यंत एक दिवस चष्मा घडी करायचा नाही. सुकवायला हेअर ड्रायर वापरला तर कड आक्रसते.

नंबर: ६ मीटरवर सरळ बघताना एक चित्र करणारा सगळ्यात कमी. पूर्ण मोजमाप द्यायचे नाही. प्रिझम फक्त समोरचे जुळवतो, बाजूला बघताना डबल राहणारच, हे आधी सांगितले नाही तर रुग्ण चष्मा पेटीत ठेवून देतो. नंबर जितका मोठा तितके धूसर. २५-३० च्या वर बहुतेकांना अक्षरे पुसट वाटतात आणि त्यापेक्षा ते एक काच झाकून घेणे पसंत करतात. झाकायला काळी पट्टी नको, काचेच्या आतून मॅट सेलोटेप पुरतो. उजव्या बाजूलाच त्रास असेल तर उजव्या काचेच्या कानाकडच्या तिसऱ्या हिश्श्यावरच टेप.

सात-आठ वर्षांखालच्या मुलात एकच डोळा झाकून ठेवायचा नाही. डोळा आळशी होतो, तिथे आलटून-पालटून.

घरच्या पत्रकात: डबल दिसते तोवर दुचाकी बंद. नव्याने एक डोळा झाकलेल्यानेही लगेच चालवायची नाही, अंतराचा अंदाज चुकतो. डोळे फिरवायच्या व्यायामाने नस लवकर भरत नाही. स्टिरॉइड सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आजारात नको, साखर मात्र वाढवते. बी-१२ ची सुई रक्तात कमी असेल तर. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षे चालू असलेल्यांत ते तपासायचे.

१८ सप्टेंबर

काल रात्री अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे). आज रुग्ण तुरळक, तीन ठरलेले तक्ते पुढच्या आठवड्यावर. तक्ता एखाद्या आठवड्याने उशिरा झाला तर चालतो, पण खरी तारीखच लिहायची. ठरलेली तारीख लिहिली की वक्र बिघडतो.

१ ऑक्टोबर

दुचाकीवरून पडून डोक्याला मार, उतरत्या नजरेत डबल, हेस तक्त्यात उंचीचा फरक जेमतेम २ अंश. नुसत्या ठिपक्यावर हा 'जवळपास ठीक' म्हणून सुटला असता. पण टॉर्चची रेघ खालच्या तिन्ही ठिकाणी तिरपी, आणि चष्मा बदलल्यावर दुसऱ्या डोळ्याचीही तिरपी. दोन्ही चौथ्या नसा.

चौथी सर्वांत बारीक नस. ती मेंदूच्या मागच्या बाजूने निघून वळसा घालत पुढे येते, कवटीतला तिचा रस्ता सर्वांत लांब. डोके आदळले की दोन्ही एकदम दुखावू शकतात. तेव्हा एकाची उंची दुसऱ्याची उंची खोडते आणि पीळ बेरजेत जातो. डबल मॅडॉक्स रॉडने (दिव्याची रेघ करून दाखवणाऱ्या दोन खाचांच्या काचांनी) मोजले, १२ अंश बाहेरच्या बाजूला पीळ. दहाच्या वर गेला की दोन्ही बाजू धरायच्या. प्रिझम पीळ काढू शकत नाही, त्यामुळे तूर्त एका काचेच्या खालच्या अर्ध्यावर टेप.

उलट, मान कललेला चाळिशीतला रुग्ण 'अचानक डबल' म्हणून आला तर लग्नाचे, शाळेचे फोटो मागवायचे. मान तेव्हाही कललेली असेल तर चौथी जन्मापासूनची, आता सावरेनाशी झाली एवढेच. अशांना उंचीचे १० प्रिझमसुद्धा जुळवता येतात. एरवी माणसाला २-३ जमतात.

१७ ऑक्टोबर

पहिली पूर्ण मालिका. उजवी सहावी, साठीतला मधुमेही, सुरुवातीला एमआरआय केलेला नाही. मध्यावरचा तिरळेपणा ऑगस्टअखेर १२ अंश, सप्टेंबरअखेर ६, आज १. बाहेर वळणे उणे ३ वरून शून्याजवळ (उणे ४ म्हणजे डोळा मध्यरेषेपलीकडे जातच नाही). फ्रेनेल २० वरून १० आणि आज काढला. ६ मीटरवर अजून ४ प्रिझम आहे, पण तो स्वतः जुळवतो.

सूक्ष्म रक्तवाहिन्यांची नस साधारण आठ ते बारा आठवड्यांत भरते. चार आठवड्यांनी कल सुधारणेचा दिसला पाहिजे, पूर्ण बरा नसला तरी. प्रिझम वेळेवर कमी केला नाही तर बरा होणारा डोळा उलट बाजूला डबल देऊ लागतो आणि रुग्ण 'पुन्हा आजार आला' म्हणून घाबरतो. त्यामुळे दर तक्त्याला प्रिझमचा फेरविचार.

७ नोव्हेंबर

ऑगस्टमध्ये सुरू झालेली दुसरी मालिका: डावी सहावी, रक्तदाब, वय पन्नाशीपुढे, कागदावर अगदी वरच्यासारखीच. तक्ते एकावर एक ठेवले तर तीन महिन्यांत तसूभर हलले नाहीत. रुग्णाच्या मते 'पुष्कळ बरे'. मान वळवायची सवय झाली होती. कॉन्ट्रास्टसह एमआरआयला पाठवले, कवटीच्या तळाशी गाठ निघाली. तीन महिन्यांत न सुधारणारी, वाढणारी, किंवा दुसरी नस सोबतीला घेणारी कुठलीही नस सूक्ष्म रक्तवाहिन्यांची मानायची नाही, मधुमेह कितीही जुना असो.

तिसरीबाबत एक ओळ पत्रकात वाढवली. बरी होताना खाली किंवा नाकाकडे बघितले की पापणी वर उचलली जात असेल, तर धागे चुकीच्या स्नायूला जाऊन मिळाले आहेत. मार किंवा दाब यानंतर हे होते, मधुमेहाच्या नसेत होत नाही. तेव्हा मधुमेहाचे लेबल लावलेल्या रुग्णात हे दिसले तर लेबल काढून स्कॅन.

२१ नोव्हेंबर

शस्त्रक्रियेसाठी पाठवण्याचे निकष ठरले: लुळेपणाला किमान सहा महिने, आणि शेवटचे सलग तीन तक्ते एकमेकांवर बसणारे. तोवर मीडियल रेक्टस (डोळा नाकाकडे वळवणारा स्नायू) आखडू लागतो. हेसवर तो असा दिसतो: सुरुवातीला एकाच बाजूला दबलेला तक्ता हळूहळू सगळाच नाकाकडे सरकतो, आणि दोन्ही डोळ्यांचे तक्ते आकाराने सारखे होत जातात. याला सुधारणा समजू नये. पूर्ण लुळ्या सहाव्यात हे टाळायला मीडियल रेक्टसमध्ये बोट्युलिनम टॉक्सिन (स्नायू तात्पुरता ढिला करणारे औषध), साधारण २.५ युनिट, असर दोन-तीन दिवसांत सुरू, तीनेक महिने टिकतो. नस त्याने बरी होत नाही, आणि त्या काळातले हेस तक्ते वेगळ्या रंगाच्या कागदावर, नाहीतर औषधाचा परिणाम नसेच्या खात्यावर जमा होतो.

लॅटरल रेक्टसमध्ये थोडा जोर असेल तर तो आखूड करणे आणि मीडियल सैल करणे. जोर अजिबात नसेल तर वरचे-खालचे स्नायू बाहेरच्या बाजूला वळवणे. ठरवण्याआधी सर्जन डोळा बधिर करून चिमट्याने बाहेर ओढून बघतो, तेव्हा शेवटचे तीन तक्ते टेबलावर हवेत.

बाकी: डावीकडचा खालचा कोपऱ्याचा दिवा सैल, टॉर्च टेकवली की विझतो, पुन्हा डाग देणे. पट्ट्यांचा फोम महिन्याने बदलणे. ५ डिसेंबरला पाच तक्ते ठरलेले, त्यात दोन्ही चौथ्या नसांचा पहिला फेरतक्ता.